दोघांनीच नॅरोबोट घेऊन फोर काउंटीज रिंग करायची असेल तर

आधी एक सांगते, म्हणजे उगाच गैरसमज नको. इंग्लंडच्या कॅनॉलवर स्वतः नॅरोबोट, म्हणजे आत राहायची सोय असलेली लांब अरुंद बोट, चालवायला लायसन्स लागत नाही, पोहता यायलाच पाहिजे असंही नाही, आणि भाड्याची बोट देणारे तास-दीड तासात सगळं शिकवून किल्ली हातात देऊन मोकळे होतात. त्यामुळे "आपल्याला जमेल का" हा प्रश्न तुमच्या मनात असेल तर जमेल. खरा प्रश्न वेगळाय, की दोघांनाच जमेल का. कारण चार-सहा जणांचा ग्रुप असला की कामं वाटली जातात, कुणी रुसलं तर दुसरा उभा राहतो, पण दोघंच असाल तर एक बोटीवर आणि दुसरा काठावर, मधे पाणी, आणि इंजिनचा आवाज, आणि जे काय बोलायचं ते ओरडूनच बोलायचं. आमच्या लग्नाला बावीस वर्षं झालीत, इतकं एकमेकांवर ओरडलो नव्हतो जेवढं पहिल्या तीन दिवसांत ओरडलो. म्हणून हे लिहितेय.

आम्ही केली ती फोर काउंटीज रिंग. स्टॅफर्डशर, चेशर, श्रॉपशर आणि वेस्ट मिडलंड्स मधून फिरून परत निघालो तिथेच येतो, सुमारे ११० मैल, म्हणजे १७७ किलोमीटर, आणि ९४ लॉक (बोट वर-खाली न्यायचे दरवाजेवाले हौद, त्याबद्दल पुढे सांगते). गाडीने हे अंतर तीन तासांत संपेल. बोटीने लोक घाई करून आठवड्यात करतात, आणि मग घरी जाऊन चार दिवस झोपतात. हिशोब साधा आहे, मैल अधिक लॉक करा, त्याला तीनाने भागा, तेवढे तास. ११० अधिक ९४ म्हणजे २०४, भागिले तीन, ६८ तास. आठवड्यात करायचं तर रोज जवळजवळ दहा तास चालवावं लागेल. दोघांनीच जाताय तर दोन आठवडे घ्या, रोज पाच-सहा तास चालवायचं, एक-दोन दिवस कुठंतरी नुसतं पडून राहायचं. अनुभवी माणसं चाराने भागतात, पण तुम्ही तीनच धरा.

दिशा महत्त्वाची आहे आणि याबद्दल कुणी नीट सांगत नाही. ग्रेट हेवूडच्या आसपासहून निघत असाल तर क्लॉकवाइज जा, म्हणजे आधी पेनक्रिज, मग वुल्व्हरहॅम्प्टनच्या बाजूने वर श्रॉपशर युनियन कॅनॉल, मार्केट ड्रेटन, ऑडलम, मिडलविच, आणि शेवटी स्टोकवरून खाली. का, तर निघाल्या निघाल्या टिक्सॉल वाइड लागतं, तिथे कॅनॉल एकदम तलावासारखा रुंद होतो, वळायला शिकायला तिच्यासारखी जागा नाही. आणि मग गेली नावाच्या गावापर्यंत १२ लॉक आहेत पण सुटी सुटी, एक केलं की दम खायला वेळ, चुका आठवायला वेळ. उलट गेलात आणि पाचव्या-सहाव्या दिवशी तुमची गाठ मोठ्या चढाशी पडली की कमरेचं काही खरं नाही.

बोट किती लांब घ्यायची? दोघांना पंचेचाळीस-पन्नास फूट भरपूर. लोकांना वाटतं मोठी घेतली की ऐसपैस, पण रुंदी काही वाढत नाही, सगळ्या नॅरोबोटी सहा फूट दहा इंच रुंद, म्हणजे आपल्या चाळीतला पॅसेज लांब केला तर कसा दिसेल तशी. लांबी वाढली की फक्त वळवायला त्रास आणि मागून पुढचं टोक अजून लांब दिसतं. मागचा डेक मात्र मोठा असलेली घ्या, त्याला क्रूझर स्टर्न म्हणतात, दोघंही मागे उभे राहू शकता, नाहीतर एकजण दिवसभर एकटा टिलर धरून उभा आणि दुसरा आतून चहा पुरवतोय, त्यात काय मजा.

टिलर म्हणजे मागचा दांडा, सुकाणूला जोडलेला. ज्या बाजूला जायचंय त्याच्या उलट ढकलायचा. हे डोक्याला अर्ध्या तासात कळतं, हाताला दुसऱ्या दिवशी. तेवढ्यात एक दोनदा झाडात घुसाल, घुसा, सगळेच घुसतात. लक्षात ठेवायचं ते हे की बोट पुढून वळत नाही, मधून फिरते, म्हणजे पुढचं टोक डावीकडे गेलं की मागचं उजवीकडे झुकणारच, आणि तिथे कुणाची तरी बोट बांधलेली असतेच. इंजिन न्यूट्रलला टाकलं की सुकाणू जवळजवळ काम करत नाही, रिव्हर्समध्ये तर बोट स्वतःच्या मर्जीने जाते. ब्रेक नाहीत. पंधरा-एक टनांचं लोखंड आहे, थांबायला वेळ लागतो, म्हणून सगळं आधीच करायचं, आणि हळू. स्पीड लिमिट ताशी चार मैल आहे पण तेवढ्याने काठावर लाट उठायला लागली तर तेही जास्त. बांधलेल्या बोटींजवळून जाताना इंजिन अगदी कमी, नाहीतर आतून कोणीतरी हातात चहाचा कप घेऊन बाहेर येतं आणि अत्यंत सभ्य इंग्रजीत तुमची काढतं.

समोरून बोट आली तर उजवीकडे राहायचं, इथे रस्त्याच्या उलट. पण फार लवकर काठाला जाऊ नका, काठाला उथळ असतं आणि रुतता. रुतलात तर जोर करून पुढे जायचा प्रयत्न अजिबात करायचा नाही, अजून चिखलात जाता, सावकाश रिव्हर्स, नाहीतर छपरावर लांब बांबूसारखा दांडा असतो तो घेऊन ढकलायचं. माझा नवरा मालवणचा, होड्या आमच्या रक्तात आहेत म्हणून सांगत होता, तो पहिल्याच दुपारी रुतला.

आता लॉक. सासूबाईंना फोनवर सांगितलं आज सहा लॉक केली तर त्या म्हणाल्या, "अगं, एवढी कुलुपं कशाला लावताय, चोर आहेत का तिकडे?" तर लॉक म्हणजे दोन्ही बाजूंना दरवाजे असलेला हौद. खालून वर जायचं असेल तर हौद आधी रिकामा पाहिजे. खालचे दरवाजे उघडायचे, बोट आत, दरवाजे बंद, खालच्या झडपा बंद झाल्यात ना बघायचं, मग वरच्या झडपा उघडायच्या, पाणी भरतं, बोट वर येते, वरचा दरवाजा उघडायचा आणि निघायचं. उतरताना सगळं उलट. झडपेला पॅडल म्हणतात आणि ती फिरवायचा जो हँडल असतो तो विंडलस, ट्रकवाल्यांकडे टायर खोलायचा पाना असतो तसा. दोन घ्याच, एक पाण्यात पडणार. आमचं दुसऱ्या दिवशी पडलं.

विंडलस झडपेच्या दांडीवर लावून सोडून जायचं नाही. खटका निसटला तर ते गरगरा फिरतं आणि हाताचं हाड मोडू शकतं, किंवा उडून तोंडावर येतं. झडप खाली करताना सुद्धा धप्पकन सोडायची नाही, फिरवत फिरवत खाली आणायची. आणि वर जाताना सुरुवातीला अर्धीच उघडा, पूर्ण उघडली की पाणी असं उसळतं की आत किचनमधल्या बरण्या पडल्याचा आवाज काठावर ऐकू येतो.

उतरतानाची गोष्ट मात्र नीट वाचा. वरच्या दरवाजाच्या आतल्या बाजूला पाण्याखाली दगडाचा एक उंबरठा असतो, त्याला सिल म्हणतात. हौद भरलेला असताना तो दिसत नाही. पाणी उतरायला लागलं आणि बोटीचा मागचा भाग त्याच्यावर असेल तर मागचा भाग तिथेच अडकतो आणि पुढचा खाली जातो, आणि बोट बुडू शकते, खरंच बुडतात. भिंतीवर पांढरी रेघ मारलेली असते, मागचं टोक त्या रेघेच्या पुढे पाहिजे आणि पाणी उतरेपर्यंत तिथेच पाहिजे. टिर्लीला पाच लॉकचा उतार आहे, त्यातल्या तिसऱ्यात नवऱ्याला कुणाचातरी फोन आला, त्याने एका हाताने घेतला, बोट इंचाइंचाने मागे सरकली. मी काठावरून बघतेय तर मागचं टोक पाण्याच्या वर यायला लागलं, पाण्यातून ओलं लोखंड दिसायला लागलं, आधी बोटभर मग वीतभर, आणि आतून ताटल्या घसरल्याचा आवाज. पहिल्यांदा खालच्या झडपा बंद करायच्या, मगच वरच्या हळूहळू उघडायच्या म्हणजे पाणी परत भरतं, हे मला पाठ होतं म्हणून केलं, हात थरथरत होते तरी केलं. बोट परत सपाट झाली. पाच मिनिटं आम्ही दोघंही काही बोललो नाही. मग तो म्हणाला, "फोन तुझ्याकडे ठेव." त्या दिवसापासून लॉकमध्ये फोन काठावर, हा नियम. तुम्हीही करा.

अजून एक, लॉकमध्ये बोट उतरत असताना दोर काठावरच्या खुंट्याला बांधून ठेवायचा नाही, बोट दोराला लटकते. हातात सैल धरायचा, एवढंच.

आणि आता मुख्य मुद्दा, जो मला या सगळ्यात सर्वात जास्त सांगायचाय. कॅनॉलवर जी जोडपी दिसतात त्यातल्या बहुतेकांत नवरा ऐटीत टिलर धरून उभा आणि बायको विंडलस घेऊन पळतेय, दरवाजे ढकलतेय. आम्हीही तसंच सुरू केलं, कारण "मी चालवतो, तू फक्त झडपा बघ". फक्त! लॉकचा दरवाजा ढकलायला सगळं अंग लागतं, पाठ त्या लांब लाकडी दांड्याला टेकवायची आणि पायांनी मागे रेटायचं, हाताने ढकललं तर संध्याकाळी खांदे जातात. आणि दोन्ही बाजूचं पाणी सारखं झालं नसेल तर हत्ती आणला तरी हलत नाही, सारखं झालं की आपोआप हलकं होतं, तोपर्यंत थांबायचं. ऑडलमला १५ लॉक ओळीने आहेत, ९३ फूट उतार. त्यातली आठ मी केली आणि नवव्याला बसूनच राहिले. म्हटलं आता तू ये वर. त्याचं म्हणणं, तुला सात फुटांच्या तोंडात सहा फूट दहा इंचांची बोट घालता येईल का, दोन्हीकडे एकेक इंच आहे. तिसऱ्या प्रयत्नात आली. धडकली, पण ती धडकण्यासाठीच बनवलेली असते. म्हणून पहिल्या दिवसापासून अदलाबदल करा, एका लॉकला तू, एका लॉकला मी. दोघांनाही दोन्ही कामं आली पाहिजेत, कारण एकाचा पाय मुरगळला तर दुसऱ्याला बोट काठाला लावता यायला हवी.

ओरडणं थांबवायचं तर खुणा ठरवा. आमच्या चार होत्या, हात वर म्हणजे थांब, हात गोल फिरवला म्हणजे झडप उघडतेय, दोन्ही हात आडवे म्हणजे दरवाजा उघडा आहे ये, आणि डोक्यावर हात म्हणजे काहीतरी गडबड आहे, सगळं बंद कर. चौथी सगळ्यात महत्त्वाची. आणि भांडण झालंच तर ते बोट बांधून झाल्यावर, लॉकमध्ये नाही.

काठावर उतरताना उडी मारायची नाही. मधल्या दोराचं टोक हातात घेऊन, बोट काठाला लागल्यावर, एक पाय टाकून उतरायचं. बोट आणि काठ यांच्या मधे हात किंवा पाय घालून बोट अडवायला जाऊ नका, पंधरा टन आहे हे परत सांगते. श्रॉपशर युनियनवर काठाजवळ पाण्याखाली दगडाची पायरी आहे, त्यामुळे बोट काठाला टेकतच नाही, रात्रभर टक टक टक आपटत राहते. छोटी चाकं किंवा टायर मधे अडकवतात लोक, नाहीतर जिथे ठरवून दिलेल्या थांबायच्या जागा आहेत तिथेच थांबा. मार्केट ड्रेटनला तशी जागा आहे, गावही छान आहे आणि तिथली जिंजरब्रेड प्रसिद्ध आहे. कॅनॉलचं पाणी तोंडात जाऊ देऊ नका आणि हाताला जखम असेल तर ती झाकून ठेवा, जेवायच्या आधी हात साबणाने धुवा, उंदरांच्या मुतामुळे होणारा लेप्टो तिकडेही आहे, आपल्याकडे पावसाळ्यात होतो तोच.

रोज सकाळी निघायच्या आधी दहा मिनिटं इंजिनसाठी ठेवा. तेलाची पातळी बघायची, मागचं ग्रीसचं हँडल फिरवायचं (ते रात्री थांबल्यावर पण चालतं), आणि पंख्यात, म्हणजे पाण्याखालच्या प्रोपेलरमध्ये, काही अडकलंय का बघायचं. बोट अचानक जडावली आणि मागून काळा धूर यायला लागला तर पंख्याला काहीतरी गुंडाळलंय. इंजिन बंद, किल्ली काढून खिशात, मग मागचं वीड हॅचचं झाकण उघडून थंडगार पाण्यात कोपरापर्यंत हात घालून चाचपायचं. आम्हाला एक ट्रॅकपँट मिळाली, ब्रेडचा चाकू घेऊन वीस मिनिटं कापत होतो. झाकण परत घट्ट बसलंय का हे दोघांनी तपासा, ते उघडं राहिलं आणि इंजिन चालू केलं तर पाणी आत येतं आणि बोट बुडते. उगाच घाबरवत नाहीये.

घरगुती गोष्टी. पाण्याची टाकी दोघांना दोन-तीन दिवस पुरते, पण नळ दिसला की भरा, अर्धा-पाऊण तास लागतो, तेवढ्यात जेवण उरकतं. नळाला आणि कचऱ्याच्या जागेला एक ठरावीक चावी लागते, ती बोटीबरोबर मिळते, हरवू नका. टॉयलेट दोन प्रकारचं असतं, एक मोठी टाकी जी पंपाने उपसून देतात, आणि एक डबा जो स्वतः नेऊन ओतायचा. दोन आठवड्यांना पहिलं घ्या, दुसऱ्यात संसाराची खरी परीक्षा असते. टमरेल घरून न्या, मिळत नाही.

किचनला गॅस असतो, कुकर चालतो, शिट्टी झाली की टोपाथवरून, म्हणजे कॅनॉलकाठच्या पायवाटेवरून, जाणारे कुत्रेवाले थबकून बघतात. मिक्सर मात्र नेऊ नका. बोटीतली वीज बॅटरीची, आणि आमच्या बोटीतल्या इन्व्हर्टरने मिक्सर लावल्याबरोबर मान टाकली. दाण्याचं कूट, भाजणी, लसणीची चटणी, मेतकूट हे घरूनच करून न्या. लॉकच्या दिवशी खिचडीपलीकडे काही करायचं बळ राहत नाही, आणि खिचडी-मेतकूट-तूप याच्यासारखं दुसरं काही लागतही नाही. रात्री आठ ते सकाळी आठ थांबलेल्या बोटीचं इंजिन चालू ठेवायचं नाही, म्हणून फोन चार्ज, गरम पाणी वगैरे त्याआधी. आत शेगडी पेटवत असाल तर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म चालतोय ना हे बटण दाबून बघा.

मिडलविचला एक गंमत आहे, वॉर्डल कॅनॉल, लांबी १५४ फूट, एकच लॉक, ब्रिटनमधला सर्वात छोटा कॅनॉल. तिथून ट्रेंट अँड मर्सी कॅनॉलला लागलात की मग चढ सुरू, ३१ लॉक, बोटवाल्यांनी त्याला नाव ठेवलंय हार्टब्रेक हिल. याला दोन दिवस घ्या. बरीच लॉक जोडीने आहेत, शेजारी शेजारी दोन, आधी चालत पुढे जाऊन बघा कुठलं रिकामं आहे, म्हणजे पाणी आणि वेळ दोन्ही वाचतं. समोरून बोट येत असेल तर थांबा, ती बाहेर येताना लॉक तुमच्यासाठी तयारच असतं, दरवाजाही तेच लोक उघडा ठेवतात. निघताना मागचे दरवाजे आणि झडपा बंद झाल्यात का बघा, नाहीतर दोन लॉकमधला पट्टा रात्रीत रिकामा होतो आणि सकाळी मागच्यांच्या बोटी चिखलात बसलेल्या असतात.

वर पोचलात की हेअरकॅसल टनेल. इंजिनिअर जेम्स ब्रिंडलीचं पहिलं टनेल १७७७ साली झालं, त्याला ११ वर्षं लागली, आत टोपाथ नव्हता म्हणून माणसं बोटीवर आडवी पडून भिंतीला पाय लावून बोट ढकलत न्यायची. त्याच्या शेजारी थॉमस टेलफोर्डने १८२७ मध्ये दुसरं पूर्ण केलं, तीन वर्षांत, आणि आपण त्यातूनच जातो. २९२६ यार्ड, म्हणजे पावणेतीन किलोमीटरला थोडं कमी, चाळीसेक मिनिटं. एका वेळी एकाच दिशेने बोटी सोडतात, तिथला माणूस हेडलाइट आणि हॉर्न तपासतो, काय करायचं समजावून सांगतो, नीट ऐका. वेळ आधी बुक करावी लागते का ते निघण्यापूर्वी बघून ठेवा. पाणी तिथे केशरी आहे, डोंगरातल्या लोखंडामुळे, एकदम भगवं. मधे छप्पर खाली येतं, टिलर धरणाऱ्याने वाकायचं, आणि छपरावरची कुंडी, सायकल, खुर्ची सगळं आधीच खाली घ्यायचं. आत गारठा, छपरातून मानेवर थेंब, स्वेटर आणि रेनकोट दोन्ही घाला. हेडलाइटचा उजेड थोडा वर वळवा, पाण्यावर नको, भिंतींवर पडला की सरळ जाता येतं. पलीकडे दक्षिणेच्या तोंडाला मोठा दरवाजा आणि हवा खेचायचे पंखे आहेत, त्यांचा आवाज आधी येतो, घाबरू नका. टनेल मी चालवलं. तो पुढे बसून राहिला, नंतर म्हणाला की त्याला बंद जागेची भीती वाटते, हे बावीस वर्षांत मला माहीत नव्हतं.

त्यानंतर सगळा उतारच. स्टोकमध्ये पाच लॉक आणि चिनी मातीची भांडी भाजायच्या जुन्या भट्ट्या, बाटलीच्या आकाराच्या, मग स्टोन नावाचं गाव, तिथे एक दिवस थांबाच.

कधी जायचं, तर मे किंवा सप्टेंबर. शाळांच्या सुट्ट्यांत लॉकला रांगा लागतात. हिवाळ्यात दुरुस्तीसाठी कॅनॉल कुठे कुठे बंद ठेवतात, आणि उन्हाळा कोरडा गेला तर पाणी कमी म्हणूनही लॉक बंद होतात, तेव्हा बुकिंग करण्याआधी आणि निघायच्या आदल्या दिवशी कॅनॉल अँड रिव्हर ट्रस्ट या कॅनॉल सांभाळणाऱ्या संस्थेच्या साइटवर बंद असलेल्या जागांची यादी बघा. रिंगचा एक तुकडा बंद असला तर रिंग होत नाही, आल्या वाटेने परत यावं लागतं.

शेवटच्या दिवशी बोट सकाळी लवकरच परत द्यायची असते, नऊच्या आसपास, म्हणून आदल्या रात्री बोट परत द्यायच्या जागेपासून तासाभराच्या आत थांबा. आम्ही हू मिल लॉकच्या वर बांधली होती. सकाळी सातला ते शेवटचं लॉक केलं, मी दरवाजा ढकलला, तो चालवत होता, खुणा करायची गरजच पडली नाही. बॅगा उतरवल्या, किल्ली दिली, चावी दिली, विंडलस मात्र एकच निघालं, दुसऱ्याचे पैसे डिपॉझिटमधून कापले.